देवयानीच्या फोटोत लांबुळके तारे आणि तिरक्या रेघा: आता मोठी दुर्बीण घ्यावी का?

नवखा_निरीक्षक

नमस्कार मंडळी. इथले जुने धागे वाचून वाचूनच इथवर आलोय, पण आता गाडी अडली आहे म्हणून वेगळा धागा काढतो.

सामान असं: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर (सेन्सरपुढचा फिल्टर काढलेला नाही), २०० मिमी एफ/२.८ लेन्स आणि पाच किलो पेलणारा छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र). गाइडिंग (एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सुधारत राहणं) नाही, लॅपटॉप नाही. इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा रिमोट) लावायचा आणि बाजूला बसायचं, एवढंच.

विषय देवयानी दीर्घिका, म्हणजे आपली एम ३१. ६० सेकंदांच्या १२० फ्रेम, आयएसओ १६००, लेन्स पूर्ण उघडी. ट्रॅकरच्या ध्रुवदुर्बिणीत ध्रुवतारा बरोबर मधोमध आणून सगळे स्क्रू घट्ट केले. स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक जुळवणं, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये. दीर्घिका आली, धुळीचे पट्टे दिसतात, शेजारच्या एम ३२ आणि एम ११० या छोट्या दीर्घिकासुद्धा आल्या. मोबाइलवर फोटो झकास दिसतो. मोठ्या स्क्रीनवर उघडला की जीव खट्टू होतो.

एक तर तारे लांबुळके आहेत, आणि तेही सगळ्या फ्रेममध्ये सारखे नाहीत. काही फ्रेम बऱ्या, मग काही फारच वाईट, मग पुन्हा बऱ्या. दुसरं म्हणजे पार्श्वभूमीवर लाल-हिरव्या बारीक तिरक्या रेघा आहेत, वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसासारख्या, सगळ्या एकाच दिशेने. तिसरं, मधला भाग उजळ, कोपरे काळपट आणि दोन-तीन ठिकाणी राखाडी गोल डाग. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये दीर्घिका बरीच सरकलेली दिसते, पण स्टॅक करताना सॉफ्टवेअर ते जुळवून घेतंच, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) घेतले होते, फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) नाहीत. चार सुट्या रॉ फ्रेम सोबत जोडल्या आहेत.

आता मुख्य प्रश्न. एका मित्राकडची ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण मिळतेय. ती घेऊन याच ट्रॅकरवर चढवावी का? की आधी कॅमेऱ्यातला फिल्टर काढून घ्यावा? की शहरातल्या उजेडासाठी तो ड्युअल बँड फिल्टर? तिन्ही एकदम जमणार नाही, एकच काहीतरी ठरवायचं आहे.

दूरचा_दिवा

संधी सोडू नका, घ्या दुर्बीण. तुमच्या लेन्सचं तोंड ७१ मिमी, दुर्बिणीचा आरसा २०० मिमी. जवळपास आठपट प्रकाश! डीप स्काय, म्हणजे दीर्घिका-तेजोमेघांचे फोटो, हा शेवटी प्रकाश गोळा करण्याचाच खेळ. ट्रॅकरचं काय ते नंतर बघता येईल.

रातवा

दूरचा_दिवा, आठपट प्रकाश येतो हे अगदी खरं, पण तो जातो कुठे तेही बघा. २०० मिमीवरून १००० मिमीवर गेलं की प्रतिमा लांबीरुंदीत पाचपट, म्हणजे क्षेत्रफळात पंचवीसपट होते. आठपट प्रकाश पंचवीसपट जागेवर पसरला, म्हणजे दीर्घिकेसारख्या पसरट वस्तूसाठी एकेका पिक्सेलच्या वाट्याला आत्ताच्या तिसरा हिस्सा आला. शिवाय त्या दुर्बिणीतून या कॅमेऱ्याला दिसणारं आकाश सुमारे १.३ बाय ०.८५ अंश. देवयानी तीन अंश लांब आहे. म्हणजे काय, तर आत्ता जी अख्खी दीर्घिका चौकटीत मावते, तिचं नुसतं पोट दिसेल. आणि नळीच आठ-नऊ किलोच्या घरात. पाच किलोच्या ट्रॅकरवर ती चढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दुर्बिणीचा विषय इथे थांबवतो, कारण नवखा_निरीक्षक, तुमचा प्रश्न मुळात खरेदीचा नाहीच. तुम्ही चार सुट्या फ्रेम जोडल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त शेवटचा स्टॅक टाकतात आणि विचारतात काय बिघडलं. स्टॅक म्हणजे सगळ्यांची सरासरी, त्यात कोण दोषी ते कळत नाही. सुटी फ्रेम शंभर टक्के आकाराला उघडून मधला तारा, चार कोपऱ्यांतले चार तारे आणि हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) बघायचा. माझं तर ठाम मत आहे की कुठलंही सामान घेण्याआधी आपल्याच वीसेक फ्रेम अशा डोळ्यांखालून घालाव्यात.

आधी दोन आकडे करून घेऊ, पुढे सगळीकडे लागतील. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थ मिमीमध्ये. तुमचा पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉन, म्हणून एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३.८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आणि आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. देवयानी खगोलीय विषुववृत्तापासून ४१ अंश वर आहे, तिथे हा वेग ११ च्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या सेन्सरवर सेकंदाला तीन पिक्सेल. ट्रॅकर नसता तर एका सेकंदातच ताऱ्याची रेघ झाली असती. ट्रॅकर हे सगळं ओढून धरतो, फक्त अगदी काटेकोरपणे नाही.

आता तुमच्या फ्रेम. चारही फ्रेममध्ये तारे एका दिशेला थोडेसे, अडीच-तीन पिक्सेल ताणलेले आहेत. ते प्रमाण चौघींत सारखंच आहे. याशिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेममध्ये त्याला आडव्या दिशेने आणखी ताण आहे, तो पहिल्या आणि चौथ्या फ्रेममध्ये जवळजवळ नाही. म्हणजे एका आजाराची दोन लक्षणं नव्हेत, दोन वेगळे आजार आहेत.

कायमचा असलेला ताण ध्रुवताऱ्यामुळे. "बरोबर मधोमध आणून घट्ट केला" असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मेख आहे. ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे. तो खऱ्या बिंदूपासून जवळपास ४० आर्कमिनिटं (६० आर्कमिनिटं म्हणजे एक अंश) बाजूला आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षाही जास्त, आणि बाकीच्या ताऱ्यांसारखाच रोज एक चक्कर मारतो. म्हणून तर ध्रुवदुर्बिणीत मधल्या फुलीभोवती घड्याळासारखं वर्तुळ काढलेलं असतं. त्या वर्तुळावर या क्षणी तो नेमका कुठे असायला हवा हे सांगणारी मोबाइल ॲप्स आहेत, तुमची जागा आणि वेळ टाकली की काटा दाखवतात. मधोमध ठेवलात तर अक्ष ४० आर्कमिनिटांनी चुकतो आणि वाईटात वाईट स्थितीत तारा मिनिटाला दहा आर्कसेकंद घसरतो. दहा भागिले ३.८. आलं गणित जुळून?

आणि इथेच तुमच्या त्या पावसाच्या रेघांचं मूळ आहे, आकाशात नव्हे, वायरीत नव्हे, कॅमेरा खराब असण्यातही नव्हे. मिनिटाला दहा आर्कसेकंद म्हणजे दोन तासांत तीनशे पिक्सेलच्या आसपास. दीर्घिका सरकली ती एवढी. सेन्सरवर काही पिक्सेल कायमचे जरा जास्त उजळ, काही जरा मंद असतात. ते सेन्सरला चिकटलेले, जागचे हलत नाहीत. स्टॅकिंग सॉफ्टवेअर तारे एकावर एक आणण्यासाठी प्रत्येक फ्रेम थोडी थोडी सरकवतं, त्यामुळे तो बदमाश पिक्सेल प्रत्येक फ्रेमला एक पाऊल पुढे पडतो, आणि १२० पावलांची रेघ होते. लाख पिक्सेल, लाख रेघा, सगळ्या घसरणीच्या दिशेने. तुमच्या स्टॅकमधल्या रेघांचा कल मोजा आणि पहिली-शेवटची फ्रेम एकावर एक ठेवून दीर्घिका कुठे सरकली ते बघा. तोच कल निघेल.

याला उपाय म्हणजे डिदरिंग: फ्रेमांच्या मध्ये कॅमेरा मुद्दाम थोडा हलवायचा, दर वेळी वेगळ्या दिशेला, दहा-वीस पिक्सेल. मग तो पिक्सेल कधी इथे कधी तिथे पडतो, रेघ बनत नाही आणि सरासरी काढताना "हा इथला नाही" म्हणून बाहेर फेकला जातो. लॅपटॉप असेल तर सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. तुमच्याकडे नाही, तर हाताने करा. दर आठ-दहा फ्रेमनंतर इंटरव्हॅलोमीटर थांबवायचा, ट्रॅकरचं बटण क्षणभर दाबायचं किंवा डेक्लिनेशनचा (उत्तर-दक्षिण दिशेचा) स्क्रू किंचित फिरवायचा, थरथर थांबेपर्यंत थांबायचं, पुन्हा सुरू. कंटाळवाणं आहे हे कबूल. पण डीएसएलआरला डार्कपेक्षा याचा उपयोग जास्त. डार्कला लाइटइतकंच (आकाशाच्या फ्रेमइतकंच) तापमान लागतं, आणि शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर रात्रभर कुठल्या तापमानाला होता ते कोणाला ठाऊक! मी डीएसएलआरसाठी डार्क घेतच नाही. याबाबत मतभेद आहेत, मला माहीत आहे, त्यावर वेगळा धागा होईल.

आता दुसरा ताण, येऊन-जाऊन असणारा. हा ट्रॅकरच्या गिअरचा. आतला वर्म (गिअर फिरवणारा मळसूत्री दांडा) अगदी अचूक गोल नसतो, त्यामुळे ट्रॅकर कधी किंचित पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो, आणि वर्मच्या एका फेरीनंतर तेच चक्र पुन्हा. म्हणूनच "बऱ्या, मग वाईट, मग बऱ्या". समजा तुमच्या यंत्राचा हा झोका एकूण ४० आर्कसेकंदांचा आणि फेरी १० मिनिटांची आहे. झोक्याच्या मधल्या भागात वेग सेकंदाला ०.२ आर्कसेकंद पडतो, ६० सेकंदांत बारा-साडेबारा, म्हणजे तीन पिक्सेल. झोक्याच्या टोकाला मात्र वेग जवळजवळ शून्य, तिथल्या फ्रेम गोल. हे यंत्राचं अंगभूत आहे, स्क्रू आवळून जात नाही. एक्स्पोजर ३० सेकंदांवर आणलं की निम्मं होतं, आणि उरलेल्या वाईट फ्रेम टाकून द्यायच्या.

"पण निम्मं एक्स्पोजर म्हणजे निम्मा प्रकाश" असं आता मनात आलं असेल. एकूण वेळ तेवढाच ठेवा, फ्रेम दुप्पट घ्या. एका फ्रेमचा कालावधी एवढाच हवा की आकाशाच्या उजेडाचा नॉइज कॅमेऱ्याच्या रीड नॉइजला (फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतः घालतो तो खरखरीतपणा) गिळून टाकेल. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हिस्टोग्रामचं शिखर डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव अंतरावर उभं दिसलं की पुरे. तुमच्या फ्रेममध्ये ते निम्म्याच्याही पुढे गेलंय. दीर्घिकेचा गाभा आणि ठळक ताऱ्यांचे रंग त्यामुळेच पांढरे पडलेत. लेन्स एफ/४ ला आणा, एक्स्पोजर ३० सेकंद. एफ/४ चा दुसरा फायदा असा की कोपऱ्यांतले तारे सुधारतील. आत्ता ते चारही कोपऱ्यांत बाहेरच्या बाजूला पंख फुटल्यासारखे दिसतात, आणि त्यात ट्रॅकरचा काही दोष नाही, लेन्स पूर्ण उघडल्यावर हे होतंच. एखाद्याच कोपऱ्यात असतं तर लेन्स किंवा अडॅप्टर तिरपा बसलाय अशी शंका घेतली असती.

कुठली दिशा कोणत्या दोषाची हे माझ्या शब्दावर मानू नका. एक फ्रेम अशी घ्या: ट्रॅकर चालू ठेवून पंधरा सेकंद, मग शटर उघडंच ठेवून ट्रॅकर बंद, आणखी पंधरा सेकंद. प्रत्येक तारा म्हणजे एक ठिपका आणि त्याला चाळीसेक पिक्सेलची शेपटी. शेपटीची दिशा म्हणजे राइट असेन्शन, आकाश फिरतं ती पूर्व-पश्चिम दिशा. ताण शेपटीला समांतर असेल तर गिअर किंवा तोल, आडवा असेल तर ध्रुव. दोन्हींशी संबंध नसेल आणि दर फ्रेममध्ये दिशा बदलत असेल तर वारा, नाहीतर डळमळीत तिपाई. दर रात्री सुरुवातीला एक अशी फ्रेम घ्यावी, अर्धं मिनिट जातं.

तिसरी तक्रार, काळे कोपरे आणि राखाडी डाग, त्याला फ्लॅट हवेतच, पर्याय नाही. डाग म्हणजे सेन्सरच्या काचेवरच्या धुळीच्या सावल्या. शूटिंग संपलं की फोकस, ॲपर्चर, कॅमेऱ्याचा कोन यांतलं काहीही न हलवता लेन्सच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बसवा आणि पहाटेच्या फिकट आकाशाकडे तोंड करून पंचवीस-तीस फ्रेम घ्या, हिस्टोग्राम मध्यावर. आयएसओ तोच. सोबत झाकण लावून सर्वात कमी वेगाच्या नव्हे, सर्वात जलद शटरच्या तेवढ्याच बायस फ्रेम (कॅमेऱ्याची स्वतःची मूळ पातळी टिपणाऱ्या). पहाटेपर्यंत थांबायचं नसेल तर टॅबलेटचा पांढरा पडदाही चालतो.

फोकस तुमचा चांगला आहे, त्यावर काही बोलत नाही. फक्त रात्र थंड होत जाते तसा तो सरकतो, तेव्हा तासाभराने बाहतिनोव मास्क (लेन्सपुढे लावायची, फोकस दाखवणारी खाचांची जाळी) लावून पुन्हा तपासा.

खगोलवेडी

रातवा, +१. (डार्कच्या मुद्द्यावर मात्र −१, पण असो.)

फिल्टर आणि आकाशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ड्युअल बँड फिल्टर देवयानीसाठी घेऊ नका. तो हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची आणि ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची, अशा दोन अरुंद खिडक्या उघड्या ठेवतो आणि बाकी सगळं अडवतो. उत्सर्जन तेजोमेघांचा प्रकाश मुख्यतः याच रेषांत असतो, म्हणून हंसातला नॉर्थ अमेरिका किंवा एकशृंगीतला रोझेट यांच्यासाठी तो फिल्टर म्हणजे वरदान, अगदी चंद्र असतानाही. पण दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा सलग वर्णपट. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ म्हणजे ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश. तिथे फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर आपला विषयही अडवतो. जुने सोडियम दिवे ठरावीक तरंगलांबीत उजळायचे, तेव्हाच्या फिल्टरना निदान काही अडवता तरी यायचं. पांढऱ्या एलईडीने तीही सोय घालवली.

कॅमेऱ्यातला फिल्टर काढणं ही पुढची पायरी आहे आणि चांगली आहे, कारण मूळ फिल्टर ६५६ ची लाल रेषा बरीचशी खाऊन टाकतो. पण देवयानीत त्याचा फायदा म्हणजे बाहूंवरचे गुलाबी ठिपके उठून दिसणं, इतकाच. तेजोमेघांकडे वळाल तेव्हा बघा.

खरा फिल्टर म्हणजे गाडीची टाकी. उजळलेल्या उपनगरात आकाशाची प्रत (उजेडाचं माप, आकडा मोठा तितका अंधार जास्त) दर वर्ग आर्कसेकंदाला १८ च्या आसपास आणि चांगल्या अंधाऱ्या जागी २१ धरली, तर तीन प्रतींचा फरक म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड जवळपास सोळापट. फिकट बाहूंच्या बाबतीत अंधारातला एक तास हा उपनगरातल्या सोळा तासांच्या तोडीचा. घरून रोज थोडं थोडं जमवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मीही जमवते. पण अमावास्येच्या आसपासचा शनिवार मोकळा असेल तर सामान उचलून निघावं, आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत ध्रुव जुळवून तयार राहावं.

आणि तास म्हणाल तर, सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. तुमचे दोन तास आहेत, फोटो दुप्पट स्वच्छ हवा तर आठ तास. याच देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक मोठी कमान हौशी खगोलछायाचित्रकारांनी शोधली आणि जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली. ज्या दीर्घिकेचे असंख्य फोटो निघालेत तिच्या अंगणात! दुर्बीण केवढी, तर १०६ मिमी. पण एक्स्पोजर शंभराहून जास्त तासांचं.

न्यूटोनियनबद्दल: मी ८ इंची वापरते, मला ती प्राणप्रिय आहे. पण खाली वीस किलो पेलणारा माउंट आहे, आणि फोटोसाठी पेलण्याच्या आकड्याच्या निम्म्यावरच थांबायचं असतं. शिवाय कोमा करेक्टर (कडेचे ताणलेले तारे सुधारणारं भिंग) लागतो, दर रात्री कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) लागतं, आणि वारा सुटला की ती नळी शिडासारखी वागते. मित्राची दुर्बीण नुसती डोळ्यांनी बघण्यासाठी बनवलेली असेल तर आणखी एक गोम: फोकसर पूर्ण आत घेतला तरी डीएसएलआरचा सेन्सर फोकसपर्यंत पोहोचत नाही. घेण्याआधी कॅमेरा लावून चंद्रावर फोकस होतो का ते बघा.

नवखा_निरीक्षक

दोघांनाही मनापासून धन्यवाद. दुर्बिणीचा विषय मित्राला सांगून तूर्त थांबवला.

शेपटीवाली फ्रेम घेतली, रातवा म्हणाले तसंच निघालं. जुन्या फ्रेममधला कायमचा ताण शेपटीला आडवा, येणारा-जाणारा ताण शेपटीला समांतर. मग ॲपमध्ये बघून ध्रुवतारा वर्तुळावर त्याच्या जागी ठेवला, एफ/४, ३० सेकंद, दर दहा फ्रेमला हाताने डिदर, शेवटी कापड लावून फ्लॅट. रेघा गेल्या! पार्श्वभूमी इतकी गुळगुळीत दिसतेय की आधी वाटलं सॉफ्टवेअरने काही पुसलं की काय. डागही गेले.

उरलेल्या दोन अडचणी. साधारण चौथा हिस्सा फ्रेम अजूनही लांबुळक्या आहेत, त्या डोळ्यांनी निवडून टाकताना रात्र गेली. आणि फोटो स्ट्रेच केला (फिकट भाग उजळवला) की एका बाजूने तांबूस उजेड चढतो, मी तो कर्व्हमधून काढायला गेलो की दीर्घिकेचे बाहूच गायब होतात. आणि हो, या ट्रॅकरवर गाइडिंग बसवलं तर फ्रेम वाया जाणं थांबेल का?

रातवा

छान. आडवा ताण पूर्ण गेला असेल तर ध्रुव पुरेसा जुळलाय, त्यामागे आणखी लागू नका. अक्ष १० आर्कमिनिटांनी चुकला तरी अर्ध्या मिनिटात दीड आर्कसेकंदाच्याही आत घसरतो, तुमच्या पिक्सेलला ते कळतही नाही.

फ्रेम डोळ्यांनी निवडू नका. सिरिलमध्ये तारे जुळवून झाले की प्लॉटचा टॅब उघडा, तिथे प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची गोलाई आणि एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी) यांचा आलेख मिळतो. गोलाईच्या आलेखात तुमच्या वर्मचा झोका लाटेसारखा दिसेल, शिखर ते शिखर मोजलंत तर फेरी किती मिनिटांची ते पण कळेल. दऱ्यांमधल्या फ्रेम तिथूनच वगळा. फार कडक होऊ नका, अगदीच थोड्या ताणलेल्या फ्रेम राहिल्या तरी प्रकाश त्यांच्यातही आहे.

मात्र त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. तोल अगदी समसमान ठेवू नका, पूर्वेची बाजू जराशी जड ठेवा. मग गिअरचे दात सतत एकाच बाजूने टेकलेले राहतात, मधल्या फटीत वजन इकडेतिकडे झुलत नाही. विषय मध्यान्हरेषेच्या पलीकडे गेला की तोल पुन्हा बघावा लागतो. "नाचता येईना" वगैरे म्हण आहे खरी, पण ट्रॅकरच्या बाबतीत अंगण बरेचदा खरोखरच वाकडं असतं: तिपाईचे पाय पूर्ण खाली घ्या, मधला दांडा वर काढू नका, जड बॅग खाली अशी टेकवा की ती झुलणार नाही.

तांबूस उजेड हा शहराकडच्या बाजूचा ग्रेडियंट. तो फ्लॅटने जात नाही, कारण तो लेन्समध्ये नाही, आकाशात आहे. आणि कर्व्हने काढायला जाऊ नका. स्ट्रेच करण्याआधी, फोटो अजून काळाकुट्ट दिसत असतानाच काढायचा. सिरिलमध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन आहे, ग्रॅक्सपर्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअरही हेच काम करतं. दोन्हीकडे पार्श्वभूमीचे नमुने घेणारे ठिपके पडतात. देवयानीच्या जवळचे ठिपके हाताने उडवा, आणि जवळचे म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरेच लांबपर्यंतचे, कारण बाहूंचा फिकट भाग डोळ्यांना दिसतो त्याच्याही पुढे पसरलेला असतो. एखादा ठिपका बाहूवर राहिला की सॉफ्टवेअर त्यालाच आकाश समजतं आणि वजा करून टाकतं. तुमचे बाहू कर्व्हमध्ये गेले त्याचं कारण वेगळं नाही. स्टॅकच्या कडा आधी कापून घ्या, डिदरमुळे तिथे अर्धवट फ्रेम असतात आणि त्या हिशोब बिघडवतात. मग रंगांचं कॅलिब्रेशन, आणि मगच स्ट्रेच.

गाइडिंग: होय, थांबेल. १२० मिमी फोकल लेंग्थची छोटी गाइडस्कोप, एक छोटा कॅमेरा आणि पीएचडी२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं, आणि तुमच्या पिक्सेलपेक्षा कमी आर्कसेकंदांत ट्रॅकर बांधून ठेवता येतो. अशा छोट्या प्रकारच्या बहुतेक ट्रॅकरना डेक्लिनेशनची मोटर नसते, त्यामुळे फक्त राइट असेन्शनमध्ये दुरुस्ती होईल. पण तुमचा झोका त्याच दिशेत आहे, म्हणजे हवं तेच मिळतं. मात्र ट्रॅकरला गाइडिंगचं पोर्ट आहे का ते आधी बघा, आणि सोबत लॅपटॉप किंवा छोटा संगणक आणि त्याला रात्रभर पुरणारी बॅटरी हे सगळं आलंच.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता गाइडिंग घेतलं नसतं. २०० मिमीवर चौथा हिस्सा फ्रेम फुकट गेल्या तर तेवढा वेळ जास्त थांबायचं. साठवलेलं बजेट पुढे जेव्हा केव्हा माउंटवर घालाल, तेव्हा गाइडस्कोप त्याच्यासोबत घ्या, तिथे ती दोन्ही अक्षांत काम करेल. तोवर याच लेन्समध्ये मावणारं खूप आहे: कृत्तिका, मृगातला मोठा तेजोमेघ आणि त्याच चौकटीत अश्वशीर्ष, हंसातला नॉर्थ अमेरिका. मृगाच्या तेजोमेघाचा गाभा तीस सेकंदांतही जळतो, त्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या घेऊन ठेवा. लेन्सवर दंव धरायला लागलं तर तापपट्टी लागेल, ती मात्र आधीच घ्या.